घुबडाचे दोन विद्यार्थी

१

‘पाहुणा’ हा शब्द दुसऱ्यांदा दिसला आणि बाईंच्या हातातला चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

संगणकशास्त्र विभागाच्या प्रवेशपरीक्षेचे पेपर तपासणं चाललं होतं. जागा मूठभर आणि अर्ज पोतंभर, ही दरवर्षीचीच गत. एकेका मार्कासाठी मुलं जिवाचं रान करतात हे ठाऊक असल्यामुळे बाई प्रत्येक उत्तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. केसांत खोचलेली पेन्सिल त्या टेबलभर शोधायच्या, सहकाऱ्यांचे वाढदिवस विसरायच्या, पण कुणी कुणाचं काय उतरवलंय ते त्यांच्या नजरेतून कधी सुटत नसे. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘चाळणीबाई’ म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

शेवटचा प्रश्न असा होता: दवाखान्यात माणसं येताहेत, प्रत्येकाच्या आजाराला गंभीरतेचा आकडा दिलेला आहे, जास्त गंभीर माणूस आधी आत जाईल अशी रांग लावणारा प्रोग्राम लिहा. रांग लावताना दोन माणसांच्या जागांची अदलाबदल करावी लागते. दोन पेल्यांतलं दूध आणि पाणी एकमेकांत बदलायचं तर तिसरा रिकामा पेला लागतो, तसंच इथेही. त्या तिसऱ्या पेल्याला बहुतेक मुलं ‘टेम्प’ म्हणतात, आळशी मुलं नुसतं ‘एक्स’ म्हणतात. या दोघांनी त्याला ‘पाहुणा’ म्हटलं होतं.

असेल योगायोग, असं म्हणून बाईंनी दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. रांगेच्या शेवटाशी, जिथे नवशिके हमखास घसरतात, तिथे दोघांनी स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती: ‘इथे घाई नको.’

कप खाली आला. आणि मग तिसरी गोष्ट दिसली. दोन माणसांची गंभीरता सारखीच असेल तर आधी कोण? प्रश्नात तसं काहीच सांगितलेलं नव्हतं. बाकीच्या सगळ्या मुलांनी न सांगता जो आधी आला त्याला आधी सोडलं होतं. या दोघांनी मागून आलेल्याला आधी सोडलं होतं.

बाई उठल्या आणि विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या. विभागप्रमुख भला माणूस, पण पायाला कायम भिंगरी. त्यांनी उभ्याउभ्याच दोन्ही उत्तरं वाचली आणि चक्क खाली बसले.

“शहाणपण सारखं असू शकतं, बाई,” ते म्हणाले. “विक्षिप्तपणा सारखा नसतो. कोण आहेत हे?”

“एक मुलगी, आपल्याच शहरातली. एक मुलगा, इथून रात्रभराच्या प्रवासावरचा. परीक्षेची केंद्रं वेगळी, शाळा वेगळ्या. आणि दोघंही पहिल्या दहांत आहेत.”

“यादी शुक्रवारी लागायची आहे. दोघांनाही काढून टाकू.”

“मला गुरुवारपर्यंत द्या.”

“आणि तुम्हाला काही सापडलं नाही तर?”

“तर मीच माझ्या हाताने त्यांची नावं खोडीन,” बाई म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, उगाच बोलले.

२

दोघांना एकाच सकाळी बोलावलं आणि मुद्दामच एका बाकावर बसवलं. बाई काचेच्या दाराआड उभ्या राहिल्या.

ओळख लपवणारी माणसं एकमेकांकडे बघायचं कटाक्षाने टाळतात. हे दोघं चोरून बघत होते. मुलाने गुडघे हलवत हलवत एकदा विचारलं, “तुलाही बोलावलंय का? कशाला ते सांगितलंय?” मुलीने मान हलवली आणि आपली पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली. नाटक असेल तर फारच कसलेलं नाटक होतं.

मुलगा दातांच्या डॉक्टरांचा. बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. बाईंनी दोन्ही उत्तरं समोर ठेवली तशी तो टकामका बघतच राहिला.

“मॅडम, हे माझं आहे. आणि हेही... माझ्यासारखंच आहे! कोणी लिहिलं?”

“ते तू सांग. पाहुणा म्हणजे काय?”

“येतो, घटकाभर बसतो, उठून जातो. म्हणून पाहुणा. असंच शिकलोय मी.”

“क्लासमध्ये?”

“छे! क्लासचे सर नुसते पाठ करायला लावतात. मला घुबडाने शिकवलं.”

बाईंची पेन्सिल थांबली. मुलाने मग भडाभडा सगळं सांगितलं. एक संकेतस्थळ होतं, जिथे मुलं अडलेले प्रश्न टाकत आणि जाणकार सवडीने उत्तरं देत. तिथे ‘घुबड’ नावाचं कुणीतरी होतं. खरं नाव नाही, फोटो नाही. उत्तर कधी थेट सांगायचं नाही. उलट एखादी गंमत सांगायचं आणि म्हणायचं, आता तूच कर. “मॅडम, मी तर त्याच्या जिवावर होतो. परीक्षेच्या महिनाभर आधी ते आठवडाभर गायबच झालं. ना उत्तर, ना पत्ता. मला वाटलं, गेलं बिचारं. आईला म्हटलं, आपलं घुबड वारलं.”

बाईंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं.

मुलगी आत आली ती हाताची घडी घालूनच.

“तुला कोणी शिकवलं?”

“एका व्यक्तीने. नाव माहीत नाही.”

“घुबड?”

मुलीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. कुणी कपाटातला तिचा खासगी कप्पा उघडावा तसं तिने बाईंकडे पाहिलं. “तुम्हाला कसं माहीत? घुबडाला काही त्रास होणार आहे का?”

स्वतःची जागा जायची वेळ आली होती आणि पोरगी घुबडाची काळजी करत होती. बाईंनी आवाज जरा खाली आणला. “रोज विचारायचीस?”

“रोज. परीक्षेआधी आत्या आजारी होती म्हणून आम्ही सगळे तिच्याकडे डोंगरात गेलो होतो, तेवढे दिवस सोडून. तिथे फोनलासुद्धा रेंज नाही.”

“घरी कोण कोण असतं?”

“बाबा. ते फिजिओथेरपिस्ट आहेत. आणि त्या. त्या बँकेत असतात.”

“त्या म्हणजे?”

“बाबांची बायको,” मुलगी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

३

दोघांनी वेगवेगळं बसून एकच गोष्ट सांगितली होती, म्हणजे ती खरी असणार, असं बाईंना वाटलं. ते वाटणं दुपारपर्यंतच टिकलं.

विभागप्रमुखांनी ते संकेतस्थळ उघडून घुबडाचे सगळे धडे वाचून काढले होते. बाई खोलीत आल्या तशी त्यांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

“हा धडा बघा. परीक्षेच्या जेमतेम आठवडाभर आधीचा.”

धडा असा होता: घरी बरीच माणसं जेवायला आली आहेत. वयाने मोठी आधी बसवायची. रांग लावा. दोघांचं वय सारखंच असेल तर मागून आलेल्याला आधी बसवा.

“दवाखान्याच्या जागी जेवण, गंभीरतेच्या जागी वय,” विभागप्रमुख म्हणाले. “हा आपलाच प्रश्न आहे, बाई. नुसते कपडे बदललेत. पेपर फुटलाय. या पोरांनी एकमेकांचं नसेल चोरलं, पण घुबडाने आपलं चोरलं आहे.”

“रांग लावायचे प्रश्न ढिगाने असतात, सर. दर पुस्तकात असतात.”

“दर पुस्तकातले प्रश्न परीक्षेच्या तोंडावर देत नाहीत. पेपर कुणाला माहीत होता? मला, तुम्हाला आणि ज्यांनी काढला त्यांना.”

पेपर धाकट्या सरांनी काढला होता. विभागातले सगळ्यांत तरुण, लाजाळू. विद्यार्थ्यांत बसले तर विद्यार्थीच वाटावेत. दोघं त्यांच्या खोलीकडे गेले. धाकटे सर जागेवर नव्हते. टेबल नीटनेटकं, पुस्तकं एका रेषेत, आणि कागदांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून चिनी मातीचं, डोळे वटारलेलं, चांगलं मूठभर घुबड.

विभागप्रमुखांनी ते उचललं आणि बाईंच्या हातात दिलं.

४

“ते मुलांनी दिलंय,” धाकटे सर कानापर्यंत लाल होऊन म्हणाले. “मला मीटिंगमध्ये डुलकी लागते ना, म्हणून. डोळे उघडे ठेवायला शिका, असं म्हणाली.”

विभागप्रमुखांचा विश्वास बसेना. “प्रश्न कुणाला दाखवला होतात?”

“कुणालाच नाही, सर. बाबांना दवाखान्यात घेऊन गेलो होतो. बसल्या बसल्या सुचला. घरी येऊन लिहिला आणि थेट पाकिटात घातला.” त्यांनी आधीच रेषेत असलेलं एक पुस्तक पुन्हा सरळ केलं. “आणि खरं सांगू? सारखी गंभीरता असेल तर काय करायचं, ते लिहायचं माझ्याकडून राहून गेलं. माझीच चूक आहे ती.”

बाई इतका वेळ धाकट्या सरांच्याच संगणकापाशी बसून घुबडाचा एकेक धडा मागे मागे सरकवत होत्या. त्यांनी मान वर केली.

“सर, परीक्षेच्या हॉलवर देखरेखीला कोण होतं?”

“हेच होते.”

“आणि फोन?”

“सगळ्यांचे बाहेर, कुलपात. देखरेख करणाऱ्यांचेसुद्धा.”

“मग हे बघा. परीक्षा चालू असताना घुबडाने भलत्याच एका मुलाला उत्तर दिलंय. चांगलं लांबलचक.” बाई हसल्या. “आपले धाकटे सर हॉलमध्ये होते. ते घुबड नाहीत. त्यांचं घुबड त्यांना परत द्या.”

विभागप्रमुखांनी ओशाळून ते कागदांवर ठेवलं. पण लगेच म्हणाले, “हे सुटले, प्रश्न नाही सुटला. घुबड कोण हे कळल्याशिवाय पेपर फुटला नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. उद्या गुरुवार आहे, बाई.”

बाई खोलीत येऊन दार लावून बसल्या. घुबडाचे जुने धडे वाचता वाचता त्यांना जे दिसत होतं ते चोराचं नव्हतं. ‘चुकलीस ते बरं झालं, आता ही चूक तुझ्या ओळखीची झाली.’ ‘आज इथेच थांब. डोक्यालाही जेवू घालावं लागतं.’ असं लिहिणारा माणूस पेपर विकायला बसत नाही. पण वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत, हे त्याच दरवर्षी वर्गात सांगत आल्या होत्या.

मग त्यांना मुलाचं बोलणं आठवलं. घुबड आठवडाभर गायब होतं. त्यांनी ते दिवस शोधून काढले. घुबडाकडून एक अक्षर नाही. आणि त्याच दिवसांत एका मुलीचेही प्रश्न नाहीत, जी एरवी एक दिवस चुकवत नसे.

आम्ही सगळे डोंगरात गेलो होतो. तिथे फोनलासुद्धा रेंज नाही.

ती मुलगी स्वतःच घुबड? नाही. परीक्षेच्या वेळी तीही हॉलमध्येच होती. पण त्या आठवड्यात घुबड जिथे होतं, तिथून कुणालाच जगाशी बोलता येत नव्हतं, असं धरलं तर? मुलगी सोडून आणखी दोनच माणसं त्या डोंगरावर गेली होती.

बाईंनी पिशवी उचलली.

५

मुलीचे वडील आपल्या छोट्या दवाखान्यात एका पैलवानाचा खांदा फिरवत होते. “संगणक? मॅडम, मला मोबाईलवरून फोटो पाठवता येतो, तोही कधी कधी भलत्यालाच जातो,” ते म्हणाले. तेवढ्यात पैलवान ओरडला, आणि त्यांनी त्याचा खांदा ज्या मायेने थोपटला त्यावरून बाईंना माणूस कळला. हा घुबड नव्हता.

वडिलांनी सांगितलेल्या बँकेत ‘त्या’ काउंटरवर नव्हत्या. शिपायाने बाईंना मागच्या बाजूला नेलं. तिथे एका गार खोलीत बँकेची यंत्रं घरघरत होती आणि एक बाई शालीत हात लपेटून पडद्यासमोर बसल्या होत्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या. चेहरा साधा, डोळे जागरणाचे.

“मी प्रवेश समितीची,” बाई म्हणाल्या.

त्या ताडकन उठल्या. “ती ठीक आहे ना?”

“ठीक आहे. तुमचं इथलं काम काय असतं?”

“बँकेचे प्रोग्राम सांभाळते.” मग शाल सावरत, “आणि रात्री नि सुट्टीच्या दिवशी पोरांचे सांभाळते. तुम्ही तेच विचारायला आलात ना?”

बाईंनी खुर्ची ओढली. आपल्याला कसं कळलं ते सगळं त्यांनी सांगितलं, डोंगर आणि परीक्षेची वेळ यांच्यासकट. त्या मान खाली घालून ऐकत होत्या.

“पण हे लपूनछपून कशाला?”

“आई जाऊन तिला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा मी त्या घरात आले. एके दिवशी तिच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. डोक्याला हात लावून बसली होती, प्रोग्राम चालत नव्हता. मी दाराशी उभी राहून म्हटलं, सांगू का? ती म्हणाली, मला तुमचं काही नको.” त्यांनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. “रागावले नाही मी. त्या वयात माझी आई गेली असती तर मीही हेच म्हटलं असतं. मग बघितलं तर पोरगी तोच प्रश्न साऱ्या अनोळखी जगाला विचारत होती आणि मी भिंतीपलीकडे बसले होते. उत्तर दिलं. तिला आवडलं. तिथे दुसरीही मुलं होती, मग त्यांनाही शिकवत गेले. एकटीला शिकवलं असतं तर तिला संशय आला असता, आणि पुढे पुढे मलाच त्यांचा लळा लागला.”

“परीक्षेच्या आधीचा तो जेवणाचा धडा?”

“तिनेच विचारलं होतं. दोन आकडे सारखे आले की माझं गाडं अडतं, म्हणून. तिचा प्रश्न असेल बघा तिथे, माझ्या धड्याच्या वर.”

तो खरंच होता. बाईंनी वाचला होता, पण घुबडाच्या मागे लागताना मुलीकडे बघायचं राहून गेलं होतं.

“एकच विचारते,” बाई म्हणाल्या. “मागून आलेल्याला आधी का? सगळं जग उलटं करतं.”

त्या किंचित हसल्या. “आधी आलेल्यांना निदान आपली जागा माहीत असते. मागून येणारा अवघडून उभाच राहतो हो. त्याला कुणीतरी आधी बसवायला हवं.”

यंत्रं घरघरत राहिली. बाईंनी कामाचं तेच सांगितलं. “उद्या सकाळी तुम्हाला विभागात येऊन हे सगळं सांगावं लागेल. नाहीतर दोन्ही जागा जातील. आणि मुलीवरच आरोप आहे, तेव्हा तिच्यासमोर सांगावं लागेल.”

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“मॅडम, तिला कळलं ना, की हेही माझंच होतं, तर ती ही जागा घेणार नाही. मी तिला ओळखते.”

६

गुरुवारी सकाळी विभागप्रमुखांच्या खोलीत मुलगा भिंतीशी, मुलगी खिडकीशी आणि धाकटे सर दाराशी असे सगळे अवघडून बसले होते. दार वाजलं आणि त्या आत आल्या.

मुलगी उठून उभी राहिली. “तुम्ही इथे कशाला आलात? बाबांनी पाठवलं?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “मीच आले.” आणि बसा म्हणायच्या आत, उभ्याउभ्याच, विभागप्रमुखांकडे बघत त्यांनी सांगून टाकलं. मुलीकडे बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं. पेपर काढणाऱ्यांना त्या ओळखत नव्हत्या, विभागात कधी पाऊल टाकलं नव्हतं. धडे सगळ्यांसाठी उघडे होते, तारखांसकट. ‘पाहुणा’ त्यांचा होता, ‘इथे घाई नको’ त्यांचं होतं. चूक कुणाची असेल तर त्यांची. मुलांनी शिकवलं तेवढंच केलं.

“घुबड... काकू आहे?” मुलगा पुटपुटला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद फुलला की त्याने तो हाताने झाकला.

मुलगी मात्र दगडासारखी उभी होती. मग तिच्या गळ्यातून आवाज फुटला तो खोलीबाहेर गेला.

“खोटारडी! तू मला फसवलंस! मी तुला खासगीत काय काय लिहिलं होतं! आईबद्दल लिहिलं होतं, रडले होते ते लिहिलं होतं, आणि तू शेजारच्या खोलीत बसून... सकाळी मला डबा देताना तुला सगळं माहीत असायचं! तू एकदाही, एकदाही नाही बोललीस!”

विभागप्रमुख मध्ये पडायला उठले. बाईंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. बाईंनी ऐकलं होतं ते बहुधा खोलीत आणखी कुणी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं ‘त्या’ आणि ‘तुम्ही’ असलेली बाई रागाच्या भरात का होईना, ‘तू’ झाली होती.

ज्यांना म्हटलं त्यांनी मात्र ऐकलं होतं. त्यांचे डोळे भरले. “बोलले असते तर तू विचारायचं थांबवलं असतंस,” त्या म्हणाल्या. “आणि तुला हे किती आवडतं ते मला माहीत होतं.”

मुलीने पिशवी उचलली आणि सगळ्यांमधून वाट काढत ती निघून गेली. दार आपटलं.

“जागा?” विभागप्रमुख हळूच म्हणाले.

“चोरी नाही, फुटलेला पेपर नाही,” बाई म्हणाल्या. “एक गुरू आणि दोन शिष्य. त्यात गुन्हा कुठला? आणि मागून आलेल्याला आधी सोडलं म्हणून मार्क कापायचे असतील तर आधी प्रश्न काढणाऱ्याचे कापा.”

“माझे कापा,” धाकटे सर मनापासून म्हणाले.

७

यादी शुक्रवारी लागली. दोघांचीही नावं होती. मुलाने त्याच दुपारी जागा पक्की केली आणि विभागाच्या फोनवर, कुणी विचारलं नसताना, आपण कुठल्या गाडीने येणार तेही सांगितलं.

मुलीचा निरोप नव्हता.

शनिवार गेला. मुदत सोमवारी संपायची होती. बाईंनी रविवारी तीनदा संगणक उघडून पाहिला आणि तीनदा स्वतःला दटावलं, पोरगी तुझी कोण लागते? मनात आलं, जाऊन तिला समजवावं. पण समजवायला जाणारी आणखी एक मोठी बाई तिला नको असणार, हेही कळत होतं. मुकाट्याने कपाट आवरायला घेतलं.

सोमवारी सकाळी विभागात पोचल्या तर कारकुनाने सांगितलं, “ती मुलगी आली होती, शिपाई कुलूप काढत होता तेव्हाच. जागा पक्की करून गेली.”

“एकटीच होती?”

“आत एकटीच आली. फाटकाबाहेर स्कूटरवर कुणीतरी बाई थांबल्या होत्या. मी म्हटलं, त्यांना आत बोलव, ऊन आहे. तर म्हणाली, नको, आमचं भांडण झालंय.” कारकून चक्रावलेला दिसत होता. “आणि मग त्यांच्याच मागे बसून गेली.”

बाईंनी पेन्सिल शोधायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

वर्ग सुरू व्हायच्या आधी नव्या मुलांना सरावासाठी एक काम द्यायची विभागाची पद्धत होती. ते पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, बाईंचा फोन वाजला. मुलीचे वडील होते. आवाज दबका, जणू कपाटाआड लपून बोलत असावेत.

“मॅडम, माफ करा, सुट्टीच्या दिवशी त्रास देतो. पण मला काही समजेनासं झालंय. तुमचं ते काम आलंय ना, त्यावरून दोघी सकाळपासून भांडताहेत. कुठलीतरी एक ओळ आहे म्हणे. ही म्हणते, आत हवी. ती म्हणते, बाहेर हवी. ‘तुला काही कळत नाही’ असं पोरगी म्हणाली, मॅडम, माझ्या बायकोला! आणि माझी बायको, जी कधी आवाज चढवत नाही, ती म्हणाली, ‘मग चालवून दाखव!’ आमच्या घरात इतका आरडाओरडा कधी झाला नाही हो. मी मध्ये पडू का?”

फोनमधून मागचे दोन्ही आवाज ऐकू येत होते. एकमेकींवर चढणारे, एकमेकींचं वाक्य तोडणारे. मध्येच काहीतरी चुकलं असावं, कारण दोघी एकदम “अगं!” म्हणून ओरडल्या आणि मग एकदम हसल्या.

“अजिबात पडू नका,” बाई म्हणाल्या. “दार लोटून घ्या, आणि आजचा स्वयंपाक तुम्ही करा.”